नवी कोंबडी घरात आणताना

आमच्या परसातल्या खुराड्यात यंदा पावसाळ्यानंतर एकच तलंग उरली. जूनमध्ये खुडूक कोंबडीखाली नऊ अंडी ठेवली होती, त्यातून सात पिल्ले निघाली. काही पिल्ले पावसाने गारठून गेली, काही घारीने नेली. सप्टेंबरच्या एका पहाटे मुंगूस खुराड्यात शिरले आणि कोंबडीसह उरलेली पिल्ले संपली. एक मात्र लाकडांच्या ढिगात लपून बसले होते, ते वाचले. आमच्या सहावीतल्या मुलीने त्याचे नाव मुन्नी ठेवले.

कोंबडी हा कळपात राहणारा पक्षी आहे. एकटी कोंबडी धड खात नाही. दिवसभर ओरडत फिरते आणि माणसाच्या पायात पायात येते. मुन्नी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन बसायची. मुलगी शाळेत गेली की तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. शेवटी शेजारच्या आपा म्हणाल्या, "अगं, तिला जोडीदार आण. नाहीतर ती झुरून मरेल."

त्या सुमारास आमचे एक नातेवाईक पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला जात होते. त्यांच्याकडे दीड वर्षाची एक गावठी कोंबडी होती, अंड्यावर असलेली आणि धिप्पाड. त्यांनी ती आम्हाला देऊ केली. मुलगी आनंदाने नाचू लागली. मी मात्र लगेच होकार दिला नाही आणि सासूबाईही काही बोलल्या नाहीत. आम्हा दोघींनाही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आठवत होती.

अकरा कोंबड्या आणि माझी चूक

तेव्हा अम्मींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, अकरा कोंबड्या होत्या. अम्मी पहाटे फजरच्या नमाजनंतर खुराडे उघडायच्या आणि मगरिबच्या आधी मोजून बंद करायच्या. गावठी अंड्यांना गल्लीत गिऱ्हाईक कायम असे. ते पैसे अम्मींचे स्वतःचे. त्यातून नातवंडांची ईदी निघायची, कुणाच्या आजारपणाला मदत व्हायची आणि कुणाला सदका दिला जायचा, तोही कुणाला न सांगता.

त्या वर्षी ईदच्या आधी मी बाजारातून एक लाल तुऱ्याची सुंदर कोंबडी आणली. अम्मींना भेट म्हणून. संध्याकाळ झाली होती, म्हणून मी ती तशीच उचलून सगळ्यांबरोबर खुराड्यात सोडली. पहिले दोन दिवस टोचाटोची झाली. आम्हाला वाटले, होईल ओळख. पाचव्या-सहाव्या दिवशी ती नवी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली. हिरवट-पांढरी हगवण लागली. मग दुसरी, तिसरी. चोच उघडून श्वास घ्यायच्या, काहींची मान पिळल्यासारखी वाकडी व्हायची. ही मानमोडी. सरकारी कागदावर तिचे नाव रानीखेत. दोन आठवड्यांत खुराडे रिकामे झाले.

अम्मींनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. "अल्लाहची अमानत होती, त्याने परत घेतली," एवढेच म्हणाल्या. पण त्यानंतर त्यांनी खुराड्याकडे पाहणेच सोडले. पुढे मुलीच्या हट्टापायी आम्ही पुन्हा कोंबडी आणली, तरी अम्मी दाणेसुद्धा टाकायला येत नसत. मीही मनातून ती गोष्ट काढू शकले नाही. कोंबडी आणण्यात चूक नव्हती. चूक एवढीच झाली की ती पहिल्याच संध्याकाळी बाकीच्यांत मिसळली.

आपल्या अनेक घरांत दोन-चार कोंबड्या असतात आणि नवी कोंबडी अशीच येते. कधी बाजारातून, कधी माहेरून, कधी कुणी कुर्बानीच्या ईदला गावी जाताना सांभाळायला ठेवलेली. म्हणून यंदा आम्ही काय केले, ते सविस्तर लिहीत आहे.

चिरनेरने दिलेला इशारा

उरणकरांना हा विषय नवा नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या चिरनेर गावात बर्ड फ्लू आढळला. १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे ज्या गावाचे नाव आपण मुलांना शिकवतो, ते गाव अचानक कोंबड्यांमुळे बातमीत आले. असा रोग निश्चित झाला की सरकारी नियम कडक असतात. बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट केल्या जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवली जाते. त्यात आजारी आणि धडधाकट असा भेद करता येत नाही. ज्या बाईने चार कोंबड्या लेकरांसारख्या वाढवल्या, तिच्याही जातात.

महाराष्ट्राला हा रोग पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला दिसला. देशातलीही ती पहिलीच नोंद. पुढे जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात तो आला. पाणपक्षी हे या विषाणूचे नैसर्गिक वाहक. आपल्या उरणला खाडी, खारफुटी आणि पाणजेसारख्या पाणथळ जागा आहेत. हिवाळ्यात तिथे दूरदूरचे पक्षी उतरतात. ते आपले वैभव आहे आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आपल्या कोंबड्या त्या पाण्यावर जाऊ नयेत आणि त्यांचे दाणापाणी उघड्यावर राहू नये, एवढी काळजी आपल्याला घेता येते.

दुसरी काळजी बाहेरून येणाऱ्या कोंबडीची. रोग बहुतेक वेळा पायांनी चालत येत नाही, आपणच तो पिशवीतून घरी आणतो.

तीन दिवस की तीन आठवडे?

कोंबडी घेऊन नातेवाईक आले, तेव्हा घरात पहिला वाद झाला. मी म्हणाले, हिला महिनाभर वेगळी ठेवायची. मुलांचे अब्बा म्हणाले, "महिनाभर? तीन दिवस पुरे की. आपल्याकडे तशीच पद्धत आहे."

त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. उकिरड्यावर फिरणारी, घाण खाणारी कोंबडी जबह करण्यापूर्वी तीन दिवस बांधून स्वच्छ दाणे घालायचे, ही आपल्या घरांतली जुनी रीत. हजरत इब्न उमर (रजि.) अशा कोंबडीला तीन दिवस कोंडून ठेवत, असे रिवायतीत आले आहे. पण ते तीन दिवस कोंबडीचे पोट स्वच्छ व्हावे म्हणून असतात. तिच्या अंगात लपलेला रोग तीन दिवसांत दिसेलच असे नाही. मानमोडीची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी पंधरा. जागतिक पशुआरोग्य संघटना सावधगिरी म्हणून हा काळ २१ दिवसांचा धरते. बर्ड फ्लूसाठी ती १४ दिवस धरते. म्हणजे तीन आठवडे तरी नव्या कोंबडीला वेगळे ठेवलेच पाहिजे, आणि चार ठेवले तर उत्तम.

आपल्या दीनमध्ये यासाठी वेगळा दाखला शोधायची गरज नाही. आजारी जनावरे निरोगी जनावरांत आणून मिसळू नयेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिथे गोष्ट उंटांची आहे, पण कोंबड्यांनाही तीच लागू पडते. प्लेगच्या गावात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पडू नये, ही हदीस तर कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी ऐकली. मग परसातल्या कोंबडीला तोच नियम लावताना आपण का कंटाळतो?

हे ऐकून अम्मी पहिल्यांदाच बोलल्या. "ठेवू दे तिला महिनाभर. तेव्हा ठेवली असती तर..." पुढे त्या थांबल्या. मीही काही बोलले नाही. नव्या कोंबडीचे डालगे उचलून मी पुढच्या ओट्याकडे नेले.

वेगळे ठेवणे म्हणजे नेमके काय

खुराड्याशेजारी दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवणे म्हणजे वेगळे ठेवणे नव्हे. वारा, पाणी, विष्ठा आणि आपले हात यांतूनच रोग जातो. घराच्या दुसऱ्या बाजूला जागा शोधा. आम्ही पुढच्या ओट्यावर, छपराखाली, जुन्या लाकडी खोक्याला जाळी ठोकून सोय केली. खुराडे मागच्या अंगणात. मध्ये अख्खे घर.

पुढचे नियम मुलीने वहीच्या कागदावर लिहून दाराला चिकटवले:

- आधी मुन्नीला दाणापाणी, मगच नवीला. उलटे कधीही नाही.
- दोघींची भांडी वेगळी.
- नवीकडे जाताना वेगळी चप्पल. नंतर साबणाने हात धुवायचे.
- रोज सकाळी विष्ठा, डोळे, नाक आणि चालणे बघायचे.
- पिसांच्या मुळाशी आणि पंखांखाली उवा, पिसवा आहेत का ते आठवड्यातून एकदा बघायचे.

या काळात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मी जंतांच्या औषधाची आणि लसीची चौकशी केली. मानमोडीची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून देतात आणि दोन महिन्यांच्या सुमारास इंजेक्शन देतात. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांसाठी येते. एकदा पाण्यात मिसळली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते. दोन कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? यावर शेजारच्या आपांनीच उपाय काढला. गल्लीतल्या सहा-सात घरांतल्या सगळ्या कोंबड्या एकाच सकाळी टोपल्यांत घालून आणल्या आणि एका बाटलीत सगळ्यांचे काम झाले. तुमच्या मोहल्ल्यात असे करून बघा. शेजाऱ्याची कोंबडी निरोगी असली तर आपलीही सुरक्षित राहते.

वेगळे ठेवलेली कोंबडी आजारी पडलीच, तर तिला खुराड्याकडे नेऊ नये. अचानक मेली, तुरा निळसर पडला, डोके सुजले, तर उघड्या हाताने उचलू नये, कापून बघू नये आणि खाडीत किंवा कचऱ्यात फेकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. कळवले तर आपल्या कोंबड्या नेतील, या भीतीने अनेकजण गप्प राहतात. पण गप्प राहिल्याने रोग शेजाऱ्याच्या दारात जातो, आणि शेजाऱ्याचा हक्क आपल्यावर किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको.

टोचण्याची उतरंड

चार आठवडे नवी कोंबडी ठणठणीत राहिली. मुलीने तिचे नाव ठेवले खालाजान, कारण ती मुन्नीपेक्षा मोठी आणि अंगाने दुप्पट. आता खरी परीक्षा होती, दोघींना एकत्र आणण्याची.

कोंबड्या एकमेकींना का टोचतात? नॉर्वेमधल्या थोरलीफ श्येल्डरुप-एबे नावाच्या माणसाला लहानपणी कोंबड्यांचा असा नाद लागला की कोण कुणाला टोचते याच्या तो नोंदी ठेवू लागला. मोठेपणी, १९२१-२२ च्या सुमारास, त्याने त्यावर अभ्यासपूर्ण लेखन केले. कोंबड्यांच्या प्रत्येक कळपात एक उतरंड असते, हे त्याने दाखवले. सगळ्यात वरची कोंबडी सर्वांना टोचते, तिला कुणी टोचत नाही. सगळ्यात खालची सर्वांचे टोचणे सोसते. एकदा ही उतरंड ठरली की भांडणे कमी होतात. वरच्या कोंबडीने मान वर करून नुसते पाहिले तरी खालची बाजूला होते. कुणी आधी खायचे, रात्री काठीवर कुणी कुठे बसायचे, सारे ठरून जाते.

नवी कोंबडी आली की हे सगळे पुन्हा ठरवावे लागते. म्हणून ती टोचाटोची. त्यात क्रूरपणा नाही आणि वैरही नाही. कोंबड्या एकमेकींना डोके आणि तुरा बघून ओळखतात. अनोळखी चेहरा दिसला की जागा, दाणे आणि घर जाईल ही भीती त्यांना वाटते. आपलीच कोंबडी आजारपणामुळे दोन-तीन आठवडे वेगळी ठेवली आणि परत सोडली, तरी तिलाही बाकीच्या परक्यासारख्या टोचतात, ते याचमुळे.

पवित्र कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये (आयत ३८) सांगितले आहे की जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत. मी ही आयत अनेकदा वाचली होती. खुराड्यासमोर पाट टाकून दोन कोंबड्यांकडे रोज अर्धा तास पाहत बसले, तेव्हा तिचा अर्थ थोडासा तरी उमगला. त्यांचाही समाज आहे, त्याचे कायदे आहेत आणि त्यांत घाईने हात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण कुणाचा जीव जात असेल तर बघत बसण्याचाही अधिकार नाही. जनावरांची आपसात झुंज लावण्यास हदीसमध्ये मनाई आहे. आपल्या निष्काळजीपणामुळे झुंज होत असेल, तर तिची जबाबदारीही आपलीच.

वय आणि अंग बघूनच

नवी मोठी आणि घरातली लहान असेल, तर सर्वांत जास्त सांभाळायचे ते वयाचे अंतर. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लात अनोळखी मोठी कोंबडी सोडली तर एक-दोन टोचण्यांतच पिल्लू मरू शकते. पिल्लू निदान तीन-चार महिन्यांचे, पिसांनी भरलेले आणि अंगाने मोठीच्या जवळपास पोहोचलेले असावे. मुन्नी सुरुवातीला चार महिन्यांची होती, वेगळे ठेवण्याच्या चार आठवड्यांत ती पाच महिन्यांची झाली. तो महिना रोगासाठी ठेवला होता, पण तिला अंग धरायलाही त्याचा उपयोग झाला.

याला अपवाद एकच. कोंबडी खुडूक असेल आणि पिल्ले एक ते तीन दिवसांची असतील, तर रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवता येतात. सकाळी ती त्यांना आपलीच समजते. अम्मी हे नेहमी करायच्या. पण आठवडाभराच्या पिल्लाला हा उपाय चालेलच असे नाही, आणि खुडूक नसलेल्या कोंबडीला तर मुळीच नाही.

जाळीच्या दोन बाजू

पहिला टप्पा होता एकमेकींना बघू द्यायचे, पण पोहोचू द्यायचे नाही. मागच्या अंगणात बारीक जाळीने आडोसा केला. एका बाजूला मुन्नी, दुसऱ्या बाजूला खालाजान. पहिल्या दिवशी खालाजान मानेची पिसे फुलवून जाळीवर धावून आली. मुन्नी खुराड्यामागे जाऊन लपली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. मुलगी रडवेली झाली. "अम्मी, हिला परत पाठवा. ही वाईट आहे."

मी तिला म्हणाले, "आपल्या वर्गात वर्षाच्या मध्ये नवी मुलगी येते तेव्हा पहिल्या दिवशी तिच्याशी कोण बोलते?" ती गप्प बसली. गेल्या वर्षी तिच्या बाकावर अशी एक मुलगी आली होती आणि आठवडाभर दोघी बोलल्या नव्हत्या. आता त्या एकमेकींच्या डब्यातले खातात.

चौथ्या दिवसापासून आम्ही दोघींचे दाणे जाळीच्या जवळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवू लागलो. आधी मुन्नी पळत येऊन एक घास घ्यायची आणि पळायची. आठव्या दिवशी दोघी जाळीच्या दोन बाजूंना एकमेकींकडे न बघता टिपत होत्या. हे न बघणे म्हणजे मोठी प्रगती. कोंबडी शेजारी असूनही लक्ष देत नाही, याचा अर्थ तिला भीती वाटत नाही. हा टप्पा निदान एक आठवडा ठेवावा. दोघी शांतपणे खाऊ लागेपर्यंत तो संपवू नये.

पहिली भेट

दहाव्या दिवशी असरच्या नमाजनंतर आम्ही दोघींना मोकळ्या अंगणात सोडले. वेळ मुद्दाम संध्याकाळची. थोड्याच वेळात अंधार पडून झोपायची वेळ होते, भांडण लांबत नाही. जागाही मुद्दाम मोकळी निवडली, कारण खुराड्याच्या आत लहान कोंबडीला पळायला वाट नसते.

आधी काही तयारी केली होती. दाण्यांची आणि पाण्याची भांडी दोन-दोन, एकमेकांपासून लांब, मध्ये भिंतीचा आडोसा. एकीने एक अडवले तर दुसरीला दुसरे मिळावे. भिंतीला एक फळी तिरकी टेकवली आणि एक डालगे उपडे करून थोडे उचलून ठेवले. मुन्नी खाली शिरू शकेल, खालाजान शिरू शकणार नाही, एवढेच. शेवग्याचा पाला दोरीने टांगला, म्हणजे टोचायला दुसरे काही मिळाले.

खालाजानने सरळ येऊन मुन्नीच्या मानेवर टोचले. मुन्नी ओरडून पळाली. खालाजान चार पावले मागे धावली, थांबली आणि दाणे टिपू लागली. मुलगी मध्ये धावणार होती, मी तिचा हात धरला. इथे सब्र लागतो. एक टोचणे आणि पळणे म्हणजे त्यांचे बोलणे आहे. आपण मध्ये पडलो तर ते बोलणे अर्धवट राहते आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मग मध्ये कधी पडायचे? आम्ही ठरवलेल्या खुणा अशा. रक्त दिसले तर. मोठी न थांबता पाठलाग करत राहिली तर. लहान कोपऱ्यात सापडून मान खाली घालून बसली आणि तरी टोचणे थांबले नाही तर. लहान दिवसभर दाण्यापाण्यापर्यंत पोहोचू शकली नाही तर.

दुसऱ्या संध्याकाळी रक्त आलेच. मुन्नीच्या कोवळ्या तुऱ्यावर जखम झाली. लाल रंग दिसला की कोंबड्या तिथेच पुन्हा पुन्हा टोचतात, म्हणून लगेच वेगळे करावे लागते. जखम कोमट पाण्याने धुऊन अम्मींनी स्वतः हळद आणि खोबरेल तेल लावले. हळदीने लाल रंग झाकला गेला. आठ वर्षांनंतर अम्मींनी कोंबडीला हात लावला होता. कुणी त्याबद्दल काही बोलले नाही.

एक गोष्ट इथे शिकण्यासारखी आहे. अशा वेळी आपण टोचलेल्या कोंबडीला उचलून आत ठेवतो. पण बहुतेक वेळा उलटे करावे. जखम भरली की लहानीला मोकळे सोडावे आणि टोचणारीला दोन-तीन दिवस जाळीमागे ठेवावे. त्यामुळे अंगणावरचा तिचा ताबा ढिला होतो आणि लहानीला धीर येतो. आम्ही तसेच केले. तीन दिवसांनी खालाजान बाहेर आली तेव्हा मुन्नी फळीवर चढून बसली होती आणि उतरायला तयार नव्हती.

रात्रीचे घर

पुढचा आठवडा दोघी दिवसा एकत्र आणि रात्री वेगळ्या. त्यानंतर एका रात्री, अंधार झाल्यावर, खालाजानला उचलून खुराड्यात मुन्नीशेजारी काठीवर बसवले. कोंबड्यांना अंधारात नीट दिसत नाही, त्या शांत असतात. सकाळी दोघी एकाच घरात जाग्या होतात. हा जुना उपाय खरा आहे, पण अनेकजण पहिल्याच रात्री तोच करतात आणि सकाळी उशिरा खुराडे उघडतात. तोवर आत मारामारी झालेली असते. आधी ओळख करून द्यावी आणि पहिल्या सकाळी उजाडायच्या आधी जाऊन दार उघडावे. फजरला उठणाऱ्या घरात ही अडचण नसावी.

जागेचा हिशोबही बघावा. खुराड्यात एका कोंबडीमागे निदान तीन-चार चौरस फूट जागा हवी आणि बसायला काठी हवी. जागा कमी असेल तर कितीही ओळख करून दिली तरी टोचणे थांबत नाही.

दाणे दोघींना चालतील असे

अंड्यावरच्या कोंबडीसाठी दुकानात जे खाद्य मिळते, त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. अजून अंड्यावर न आलेल्या तलंगेला ते सोसत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून दोघी एकत्र असताना वाढत्या कोंबड्यांचे खाद्य, तांदळाच्या कण्या, कोंडा आणि पाला असे द्यावे. मोठीला लागणारे कॅल्शियम वेगळ्या वाटीत ठेवावे. आपल्या उरणला ते विकत घ्यायची गरज नाही. तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, उन्हात वाळवून, खलबत्त्यात भरड कुटले की झाले. जिला हवे ती खाते, जिला नको ती बघतही नाही.

काठीवर दोघी

आता दीड महिना उलटला आहे. खालाजान अजूनही आधी खाते. मुन्नी थोडी बाजूला थांबते आणि मग येते. त्यांचे ठरले आहे आणि आम्ही ते मान्य केले आहे. दुपारी दोघी लिंबाच्या झाडाखाली एकाच खड्ड्यात माती अंगावर घेतात. घार दिसली की खालाजान एक बारीक लांब आवाज काढते आणि मुन्नी धावत जाऊन तिच्या शेजारी दबून बसते. हे तिला कुणी शिकवले नव्हते. आई लवकर गेली होती. शिकवले ते या परक्या कोंबडीनेच.

गेल्या शुक्रवारी मुन्नीने पहिले अंडे दिले, लहानसे, लिंबाएवढे. मुलगी ते तळहातावर घेऊन घरभर फिरली आणि शेवटी अम्मींच्या हातात दिले. अम्मींनी ते उजेडाकडे धरून पाहिले, पदराने पुसले आणि ताटलीत ठेवले.

रात्री जेवण झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "बेटा, पुढच्या खेपेला एकटी कोंबडी आणू नकोस. एकदम दोन तलंगा आण. दोघी असल्या की मार वाटून जातो, एकटीवर येत नाही."

मी विचारले, "कधी आणू?"

"पावसाळ्याआधी," अम्मी म्हणाल्या. "पण महिनाभर ओट्यावर ठेवायच्या. मुंगूस यायला नको, म्हणून खुराड्याच्या तळाला जाळी मारून घे. आणि दार मी बंद करीन संध्याकाळी. तू शाळेतून दमून येतेस, मोजायला विसरतेस."